इस्त्रीचा सदरा, रामलिंगची वाट आणि आपली समीक्षा

१

गेल्या पावसाळ्यात धाराशिवला नवोदित लेखकांच्या एका छोट्या बैठकीत मला अध्यक्ष म्हणून बसवले होते. वीस-पंचवीस माणसे, एक पंखा, प्रत्येकाला दहा मिनिटे. कविता झाल्या, दोन कथा झाल्या. शेवटी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी उठली आणि तिने गद्याची चार पाने वाचली. विषय साधा होता : येडशीच्या रामलिंगला घरच्या सगळ्यांनी एका रविवारी केलेली सहल. आईने आदल्या रात्री सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री केली. वडिलांनी बूट पुसून दाराशी ओळीने लावून ठेवले. येडशीपर्यंत एस.टी., पुढे चालत. दरीत उतरताना आजीच्या गुडघ्यांची कुरकुर. कड्यावरून पडणारे पावसाळी पाणी. भाजलेली कणसे घेतली, त्यातले एक माकडाने पळवले, धाकटा भाऊ रडला आणि बाकीचे हसले. वडिलांनी सगळ्यांचा फोटो काढला. फोटोत उभे राहण्यापूर्वी आईने पदर सारखा केला. संध्याकाळी परत घरी. एवढेच.

समारोपात मी म्हणालो, "भाषा चांगली आहे. पण यात विद्रोह कुठे आहे? ही सहल कोणाचीही असू शकते. हे पांढरपेशी लेखन झाले." समोरच्या माना डोलल्या. मुलगी काही बोलली नाही. तिने पानांची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. चहाच्या वेळी ती तिथे नव्हती.

हा लेख त्या माझ्या चार वाक्यांचा हिशेब आहे. चूक माझी एकट्याची असती तर मी त्या मुलीला पत्र लिहून मोकळा झालो असतो. पण ती वाक्ये मी विचार करून बोललो नव्हतो. ती माझ्या तोंडात तयार होती. गेल्या पाच दशकांत आपण जी मोजपट्टी घडवली, तिच्यावर हे शब्द कोरलेले आहेत : वेदना, नकार, विद्रोह. या मोजपट्टीने आपल्याला पुष्कळ दिले. प्रस्थापित समीक्षेने ज्या लेखनाला 'ओबडधोबड' म्हणून बाजूला सारले, त्याला तिने न्याय मिळवून दिला. पण कापड मोजायच्या पट्टीने पाणी मोजता येत नाही. त्या चार पानांत जे होते ते मोजायला माझ्याकडे मापच नव्हते, आणि माप नसले की समीक्षक म्हणतो, मालच नाही.

२

आपल्या साहित्यात सहल किती ठिकाणी येते, हे मी त्यानंतर शोधू लागलो. प्रवास भरपूर आहेत. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) अख्खे बिऱ्हाड गाढवांसह गावोगाव फिरते. पण ते फिरणे पोटासाठी आहे. ऊसतोडीला जाणे आहे, मुंबईला जगायला जाणे आहे, मयताला जाणे आहे. आणि परिषदांना जाणे आहे. येडशीहून लातूरकडे जाणाऱ्या त्याच रेल्वेवर कसबे तडवळे आहे. तिथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले होते. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना 'पहिल्यांदा घराबाहेर कधी पडलात?' असे विचारले, तर ती तडवळ्याचे, नाहीतर १९५६ च्या नागपूरचे नाव घेत. हे सारे प्रवास थोर आहेत. पण या प्रत्येकाला कारण आहे. बिनकामाने, केवळ बरे वाटावे म्हणून घरच्या सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाणे, हे आपल्या पुस्तकांत जवळजवळ सापडत नाही.

जिथे ते सापडते तिथे काय होते? शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'च्या (१९८४) सुरुवातीच्याच पानांत शाळेची सहल आहे. सवर्णांची मुले एका झाडाखाली बसतात, महारांची दुसऱ्या. त्यांच्या डब्यांतून उरलेले अन्न कागदावर गोळा करून या मुलांना दिले जाते. घरी आल्यावर आई म्हणते, त्यातले थोडे माझ्यासाठी का नाही आणलेस? आणि नंतर गुरुजी वर्गाला सांगतात, सहलीवर निबंध लिहा. त्या पोराला लिहिता येत नाही. कुठून सुरुवात करावी हेच त्याला समजत नाही, आणि गुरुजी त्यावरून त्याला जातीवर घसरून बोलतात.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्येही (२००३) असाच एक प्रसंग आहे. शाळेतल्या मुली मिळून स्वयंपाक करायचे ठरवतात. हिला कशालाही हात लावू दिला जात नाही, पण पंगतीला बसवतात. ही आनंदाने जेवते. दुसऱ्या दिवशी तिच्या कानावर मुलींची कुजबुज येते : किती खाल्ले हिने!

या दोन प्रसंगांची चर्चा आपल्या समीक्षेत होते ती अन्नाच्या आणि अपमानाच्या अंगाने. ते बरोबरच आहे. पण त्यांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपण वाचलीच नाही. ही दोन्ही मुले आनंदासाठी निघाली होती. अन्न तर रोजच हिरावले जात होते. त्या दिवशी सुट्टीचा दिवस हिरावला गेला. निबंधाच्या वहीचे ते कोरे पान नुसत्या अपमानाचे नाही, ते नाकारलेल्या सहलीचेही आहे. इतर मुलांना जो विषय फुकट मिळाला होता, 'आमची सहल', तो या मुलाला मिळालाच नाही.

धाराशिवच्या त्या मुलीने तो निबंध लिहिला होता. अक्करमाशीतल्या पोराची वही जिथे कोरी राहिली, तिथून पुढची चार पाने तिने भरली. आणि मी अध्यक्षाच्या खुर्चीवरून तिला त्या गुरुजींसारखेच सांगितले, की तुझा निबंध चुकला आहे.

३

आता इस्त्रीकडे वळतो, कारण 'पांढरपेशी' हा शब्द माझ्या तोंडून सुटला तो इस्त्रीमुळेच.

नीटनेटके राहणारा दलित माणूस दोन्हीकडून मार खातो. प्रस्थापित अभ्यासक म्हणतो, ही वरच्या जातींची नक्कल आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ च्या कूर्गवरील ग्रंथातून 'संस्कृतीकरण' ही संज्ञा रूढ केल्यापासून तर हे म्हणणे फारच सोपे झाले. आणि आपला कार्यकर्ता म्हणतो, हा साहेब झाला, वस्ती विसरला. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) स्वतःचेच दोन भाग केले, एक शहरात वावरणारा लेखक आणि एक दगडू मारुती पवार, आणि दोघांना समोरासमोर बसवले. त्या मांडणीतली अस्वस्थता खरी आहे. पण पुढे आपण तिचा सोपा अर्थ काढला : दगडू खरा, आणि सदरा खोटा.

सदऱ्याचा इतिहास काय सांगतो? बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) लिहून ठेवले आहे की महारांच्या बायकांनी लुगडे नेसताना काठ निऱ्यांच्या आत दडवायचा, तो दिसू द्यायचा नाही, असा दंडक होता. काठ मिरवण्याचा हक्क वरच्या जातींच्या बायकांचा. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) इंदूरकडच्या बलाई जातीचे उदाहरण दिले आहे. तिथल्या सवर्णांनी १९२८ साली बलायांना जे हुकूम सोडले, त्यांत पहिले हेच होते : जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. म्हणजे चार बोटांच्या काठासाठी गावेच्या गावे हुकूम काढत होती. ज्यावर बंदी घालायला एवढी मेहनत घ्यावी लागली, ती गोष्ट नुसती हौस कशी असेल? श्रीमंताचा पोशाख त्याची ऐपत सांगतो. आपल्या माणसाचा धुतलेला सदरा एक हुकूम मोडल्याचे सांगतो. दोन्हींना 'दिखाऊपणा' हा एकच शब्द लावणे हे समीक्षेचे आळशीपण आहे.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, ते याच विषयावर. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा आणि अंगावरचे जे दागिने तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखू देतात, ते टाका. कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, हा त्या बोलण्याचा आशय होता. तळ्याच्या सत्याग्रहाच्या धामधुमीत, मनुस्मृती जाळली त्याच दिवसांत, या माणसाने निऱ्या आणि बांगड्यांवर बोलायला वेळ काढला. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून उभी राहिली. ज्यांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या मढ्यावरचे कापड पडत आले, त्यांनी नवे, स्वच्छ कापड अंगावर घेतले. त्या पांढऱ्या रंगाला कोणी पांढरपेशा म्हणाले नाही.

४

इथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. अस्पृश्यतेची खूण पुसून टाका, असे महाडला सांगितले गेले. मग खूण पुसणे आणि जात लपवणे यांत फरक काय? बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो, जात लपवतो, खोली मिळवतो आणि उघडे पडल्यावर मार खातो. त्याचे राहणेही नीटनेटकेच आहे. मग इस्त्रीचा सदरा नेमका काय करतो, माणूस दाखवतो की माणूस झाकतो?

याचे उत्तर मला बाबासाहेबांच्याच एका आठवणीत सापडते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आत्मकथनपर टिपण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पुस्तिका म्हणून ते १९९० साली आले. त्यातली पहिली आठवण साधारण १९०१ सालची आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांनी सुट्टीत मुलांना बोलावले. मुलांसाठी ही सहलच होती. नवे सदरे शिवले, चमकदार टोप्या घेतल्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. काठ इथेही आहेच! मुले सजून मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरला त्यांच्या कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ती ब्राह्मणांची मुले वाटली आणि त्याने आपुलकीने चौकशी केली. मुलाने क्षणाचाही विचार न करता सांगितले, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटला. मग एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही बैल मुलांनी हाकायचे आणि आपण चालत यायचे या अटीवर. सोबत जेवण भरपूर होते; प्यायला पाणी मिळाले नाही. रात्री जकात नाक्यावर गाडीवानाने सुचवल्याप्रमाणे मुलाने आपण मुसलमान असल्याचे उर्दूत सांगून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही.

एकाच दिवसात, एकाच कपड्यांत, एकाच मुलाने दोन उत्तरे दिली. पहिल्यात नाव सांगितले, दुसऱ्यात तहानेपोटी लपवले. दुसऱ्या उत्तरासाठी त्या मुलाला कोण दोष देईल? दोष विचारणाऱ्याचा आहे. म्हणून बागुलांच्या नायकाकडेही वरून बघण्याचा अधिकार आपल्याला नाही. शहरात भाड्याची खोली शोधताना आजही आडनाव गिळावे लागणारी माणसे आहेत. पण वाचताना फरक करावा लागेल. दुसऱ्याने लादलेली खूण पुसणे वेगळे आणि स्वतःचे नाव पुसणे वेगळे. मसूरच्या फलाटावर रेशीमकाठी धोतर नेसून 'मी महार' म्हणणारा मुलगा खूण नाकारतो आणि नाव सांगतो. कपडा पाहून तो कसा असावा हे जगाने जे ठरवलेले असते, ते या एका वाक्याने कोसळते. फाटक्या कपड्यातल्या मुलाने तेच वाक्य उच्चारले असते तर स्टेशनमास्तरला धक्का बसला नसता. धक्का बसायला सदरा लागतो.

तेव्हा एखाद्या लेखनात नीटनेटकेपणा आला की त्याला पांढरपेशा म्हणण्यापूर्वी समीक्षकाने एकच प्रश्न विचारावा : 'तुम्ही कुणापैकी?' या सवालाला तिथला माणूस काय उत्तर देतो, आणि ते उत्तर देताना त्याला काय मोजावे लागते?

५

हा सवाल मी प्रथम ऐकला तो रामलिंगलाच.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, येडशी स्टेशनवर गँगमन होते. लाइन तेव्हा अरुंद होती. 'बार्शी लाइट' कंपनीची ही रेल्वे १९५४ साली सरकारने घेतली होती, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव होते. रुळांवर दिवसभर खडी ओढणाऱ्या या माणसाला धुतल्या कपड्यांचे वेड होते. घरी इस्त्री कुठली? पितळी तांब्यात निखारे भरायचे, बुडाला ओले फडके लावून पाहायचे आणि सदऱ्यावरून तांब्या फिरवायचा. घडी केलेली धोतरे वाकळेखाली ठेवायची, म्हणजे झोपेत इस्त्री होते.

१९६५-६६ चा सुमार असेल. श्रावण होता. सोमवारी रामलिंगला गर्दी असते, म्हणून दादांनी मुद्दाम दुसरा वार धरला. माय म्हणाली, "देव मानीत न्हाई आन् देवळाला कशापायी?" दादा म्हणाले, "देवाला न्हाई, पाण्याला चाललोय." ज्यांनी ती जागा पाहिली आहे त्यांना हे उत्तर पटेल. बालाघाटाच्या उघड्या माळावरून चालताना पुढे काही असेल असे वाटतही नाही, आणि एकदम दरी लागते, झाडी लागते, खाली देऊळ आणि त्याला वळसा घालून जाणारा ओढा. पावसाळ्यात कड्यावरून धार पडते. रावणाशी जटायूची झुंज इथेच झाली असे लोक सांगतात. पुढे १९९७ साली या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आम्हाला तेव्हा ते फक्त 'रामलिंगाचं रान' होते.

ओढ्याकाठी खडकावर आम्ही बसलो. दशम्या होत्या, शेंगाची चटणी होती. शेजारच्या खडकावर बार्शीकडचे एक कुटुंब होते. आमचे कपडे त्यांच्यापेक्षा उजळ होते. त्यांच्यातल्या बाईने हसून लाडवांचा डबा पुढे केला, "घ्या की, लेकरांना द्या." मी हात पुढे केला. तेवढ्यात तिच्या मालकाने विचारले, "पाव्हणं, कुणापैकी म्हणायचं आपण?"

मायने दादांकडे पाहिले. दादा म्हणाले, "बौद्ध. येडशी टेसनावर गँगमन हाय."

"असं व्हय," तो म्हणाला. डब्याचे झाकण लागले. माझा हात तसाच राहिला. तो कुठे ठेवावा ते मला कळेना. थोड्या वेळाने तो माणूस बायकोला म्हणाला, "हितं ऊन लागतंय, तिकडं सरकू." त्यांनी सामान उचलले आणि ते पलीकडच्या खडकावर गेले. आभाळ गच्च भरलेले होते. ऊन नव्हतेच.

माय दशम्या बांधायला लागली. दादा म्हणाले, "कशाला बांधतीस? सोड. जेवायचं हाय अजून."

हा प्रसंग मी अनेक भाषणांतून सांगितला आहे. त्या लाडवाच्या डब्यावर माझी एक कविताही आहे. टाळ्या मिळाल्या आहेत. पण त्यानंतर आम्ही तिथे चार तास होतो, हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. आम्ही जेवलो. दादांनी पळसाच्या पानाच्या होड्या करून पाण्यात सोडल्या आणि कोणाची आधी धारेला लागते यावर पैज लावली. धाकट्या बहिणीची होडी जिंकली. दादांनी शर्ट काढून, घडी घालून खडकावर ठेवला आणि ते पाण्यात बसले. माय आधी कपड्यांची राखण करीत काठावर होती. मग तिनेही पाय पाण्यात सोडले. लुगड्याचा काठ भिजला, तरी तिने तो वर ओढून घेतला नाही. काहीच काम न करणारी माय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. येताना पाऊस लागला आणि इस्त्रीचे सगळे कपडे भिजले, तर दादा हसत होते.

अपमान पाच मिनिटांचा होता आणि दुपार चार तासांची. मी साठ वर्षे पाच मिनिटे जपली आणि चार तास टाकून दिले. टाकायला मला कोणी सांगितले नव्हते. पण चार तासांचे साहित्य होत नाही, पाच मिनिटांचे होते, हे मी शिकलो होतो आणि पुढे इतरांना शिकवत होतो. त्या मुलीने चार तास लिहिले. तिच्या सहलीत तो सवाल कोणी विचारलाच नसेल, किंवा विचारलाही असेल आणि तिने ठरवले असेल की माझ्या पानांवर त्याला जागा नाही. दोन्ही शक्यतांत विद्रोह आहे. मला तो दिसला नाही, कारण त्याचा आवाज होत नव्हता.

६

'पण हे सुखवस्तू लेखन नव्हे काय? ज्यांच्या वस्तीत आजही पाणी नाही, त्यांना या सहली वाचून काय मिळणार?' हा आक्षेप येईल. तो मीच घेतला असता. त्याला उत्तर म्हणून 'वेटिंग फॉर अ व्हिसा'तलीच आणखी एक आठवण पुढे ठेवतो.

१९३४ साल. पुणे करार होऊन गेलेला आहे, येवल्याची घोषणा एका वर्षावर आहे. चळवळीच्या अशा ऐन भरात सहकाऱ्यांना वाटले की बाबासाहेबांबरोबर प्रेक्षणीय स्थळे पाहायला जावे. बाबासाहेब हो म्हणाले. तीसेक माणसे, नाशिकहून बसने निघाली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले होते. अस्पृश्य प्रवाशाच्या वाट्याला वाटेत जे येते ते टाळण्यासाठी, मुक्कामाची गावे सोडून कुठेही आधी कळवायचे नाही असेही ठरले. दौलताबादला लोक चहा घेऊन थांबले होते. पण उजेड आहे तोवर किल्ला पाहू, चहा परतताना घेऊ, असे सांगून मंडळी पुढे गेली. प्रवासाच्या धुळीने अंगे भरली होती. किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. जमाव जमला. अखेर किल्ला पाहायला मिळाला, तो आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला.

ही आठवण आपण अस्पृश्यता धर्माच्या सीमा कशी ओलांडते, याचा पुरावा म्हणून वाचतो. ती पुरावा आहेच. पण तिच्या पहिल्या ओळीकडेही पाहा. माणसांना सहलीला जावेसे वाटले, आणि आंबेडकर गेले. चळवळीच्या नेत्याने असले काही करू नये, असे त्यांना वाटले नाही. किल्ला पाहण्याची त्यांची उत्सुकता एवढी की चहासुद्धा मागे ठेवला.

याला केवळ हौस म्हणता येणार नाही, कारण यामागे त्यांचा विचार होता. १९४५ साली गांधीवादावर लिहिताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली ती फुरसतीच्या मुद्द्यावर. माणसाचे जगणे पशूच्या जगण्याहून वेगळे होते ते संस्कृतीमुळे, आणि पोटासाठी राबण्यातच ज्याचा सगळा दिवस जातो त्याला संस्कृती लाभू शकत नाही. म्हणून लोकशाही समाजाने प्रत्येक नागरिकाला फुरसत मिळवून दिली पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. मराठी ललित निबंध आणि प्रवासवर्णन फुरसतीवर पोसले गेले, पण ती फुरसत कोणाच्या श्रमावर उभी आहे हे त्यांनी विचारले नाही. आपण ते विचारले. मात्र विचारता विचारता आपण फुरसतीलाच परके ठरवले. जे शत्रूने बळकावले आहे ते आपले नाहीच, असे मानून बसलो. तळ्याच्या पाण्याबाबत आपण असे केले नव्हते.

७

शेवटी त्या चार पानांवर माझा एक आक्षेप उरतोच, आणि तो आता तरी नीट मांडतो. मुलीच्या लेखनात आई आदल्या रात्री इस्त्री करते. हे एका वाक्यात येते आणि जाते. आपल्या घरांतला नीटनेटकेपणा कोणाच्या हातांनी उभा राहिला? तांब्या दादा फिरवत, पण कपडे सोड्यात भिजवून, बडवून, नीळ देऊन वाळवणारी माय होती. लोकांनी नाव ठेवू नये म्हणून घर, पोरे, अंगण सतत परीक्षेला बसवायचे आणि अभ्यास एकटीने करायचा. जगापुढे आपण माणसे आहोत हे रोज सिद्ध करण्याचा ताण पुरुषाने सदऱ्यासारखा घातला आणि बाईने तो धुतला. सहलीच्या दिवशीही सर्वांत आधी तीच उठते. तेव्हा सहल खरी झाली की नाही हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे : त्या दिवशी आईला किती वेळ काम नव्हते? मुलीने त्या रात्रीवर आणखी एक पान लिहावे. फोटोपूर्वी पदर सारखा करताना आई काय बोलली, तेही लिहावे. ज्या बायकांना काठ दडवावा लागला, त्यांची नात फोटोसाठी पदर सारखा करते आहे. हे एका वाक्यात संपण्याजोगे नाही.

हा आक्षेप तिच्या लेखनाच्या आतला आहे. मी बैठकीत घेतला तो बाहेरचा होता.

तिचा पत्ता मी घेतला नाही. आयोजकांकडेही फक्त वक्त्यांची यादी आहे, त्यात तिचे पहिले नाव तेवढे आहे. हे त्रैमासिक धाराशिवला जाते आणि वाचनालयात फाटेपर्यंत हातोहात फिरते, असा माझा अनुभव आहे. तेव्हा या पानावरूनच तिला सांगतो. बाई, माझे त्या दिवशीचे बोलणे मी मागे घेतो. तुझी चार पाने, आणि लिहिलेस तर पाचवे, इथे पाठव. त्यावर समीक्षा लिहायची पाळी आली तर ती मी लिहू नये. रामलिंगला जाऊन नुसते पाण्यात पाय सोडून बसलेल्या कोणीतरी लिहावी.